रानकिण्व, जनुकसंस्कारित किण्व आणि आपली आसवारिष्टे

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव व खर्डी यांच्या मध्ये आटगाव हे स्थानक आहे. येथून तानसा अभयारण्याचे रान जवळ, आणि मुरबाडच्या बाजूने माळशेजपर्यंत सह्याद्रीचे उतार पसरलेले. थंडी ओसरू लागली की या उतारांवर धायटीची झुडपे लालभडक फुलांनी भरून जातात. पाठोपाठ चैत्राच्या सुमारास मोहाच्या फुलांचा सडा पडतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात ज्या दहा पुष्पासवांचा उल्लेख केला आहे, त्यांत मधूक आणि धातकी ही दोन्ही पुष्पे आहेत. म्हणजे संधान कल्पनेची दोन महत्त्वाची द्रव्ये आमच्या दारातच उगवतात.

मागील वर्षी एका तरुण वैद्यमित्राने मला विचारले, "धायफुलांच्या नादी लागण्यापेक्षा बेकरीचे यीस्ट घातले तर काय बिघडेल? आणि आता तर जनुके बदललेले यीस्टही निघाले आहे. उद्या तेच वापरायचे झाले तर रुग्णाच्या प्रकृतीवर त्याचा काय परिणाम होईल?" प्रश्न सरळ होता; माझ्याजवळ त्याचे सरळ उत्तर नव्हते. त्यातच त्याच वर्षी आमच्या लहानशा औषधशाळेतील दशमूलारिष्टाची चाळीस लिटरची एक भरणी आंबट होऊन टाकून द्यावी लागली. या दोन निमित्तांनी जो अभ्यास घडला, तो वैद्यबंधू व औषधनिर्माते यांच्यापुढे ठेवीत आहे.

किण्व : ग्रंथातील आणि सूक्ष्मदर्शकाखालील

"किण्व" हा शब्द आपल्याला नवा नाही. सुरा, प्रसन्ना, कादंबरी, जगल, मेदक, बक्कस या परंपरेत सुराबीज म्हणजेच किण्व हे नव्या संधानास चालना देणारे द्रव्य म्हणून सांगितले आहे. आचार्यांनी ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्याचे कर्म मात्र अचूक ओळखले होते. युरोपात लुई पाश्चर यांनी १८५७ च्या सुमारास मद्यार्काचे किण्वन हे सजीवांचे कार्य असल्याचे प्रतिपादन केले. १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून किण्वाचे शुद्ध वाण वाढविले. १८९७ मध्ये एडवर्ड बुखनर यांनी पेशी चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन होते, हे दाखविले आणि विकरांचे शास्त्र सुरू झाले.

आज "यीस्ट" या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत.

१) रानकिण्व : फुले, फळे, मध, गूळ, झाडाची साल, कीटकांचे शरीर यांवर निसर्गतः राहणारे. यात अनेक जाती एकत्र नांदतात.

२) संवर्धित किण्व : रानातूनच आलेले, पण निवड करून शुद्ध स्वरूपात वाढविलेले वाण. बेकरीचे यीस्ट या वर्गात येते. ते जनुकसंस्कारित असते, हा समज चुकीचा आहे.

३) जनुकसंस्कारित किण्व : ज्याच्या पेशीत दुसऱ्या सजीवाचे जनुक मुद्दाम बसविले आहे, किंवा ज्याच्या स्वतःच्या जनुकात ठरवून बदल केला आहे.

धायफुलाचे नेमके कार्य

धातकीपुष्पे घातल्याने संधान होते, कारण फुलांवर किण्व असते, असे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. प्रत्यक्षात याविषयी एकमत नाही. नेदरलँड्समधील युट्रेक्ट येथील अभ्यासकांनी १९९३ मध्ये निंबारिष्टावर केलेले काम प्रसिद्ध झाले. त्यांच्या नमुन्यांत मद्यार्क निर्माण करणारे सूक्ष्मजीव धायफुलांतून आलेले नव्हते. मात्र फुलांमध्ये साखरेचे विघटन करणारे इनव्हर्टेज हे विकर कार्य करीत असल्याचे त्यांना आढळले. शिवाय अरिष्टाच्या व्याधिक्षमत्वविषयक गुणातील वाढ फुलांतून उतरणाऱ्या घटकांमुळे होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. याउलट, महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धायफुलांवरून मद्यार्कजनक किण्वे विलग करून त्यांची जनुकीय ओळख पटविली.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी दिसले, तरी त्यांचा मेळ बसू शकतो. ताजे, सावलीत सुकविलेले फूल आणि दोन-तीन वर्षे पोत्यात पडलेले फूल यांवरील सजीव सृष्टी सारखी असणार नाही. फुलावर किण्व असो वा नसो, फूल स्वतः तीन कामे करते. ते विकराद्वारे गुळातील साखर किण्वास पचण्याजोगी करते. त्यातील कषाय द्रव्ये नको असलेल्या काही जंतूंना आवर घालतात. आणि ते स्वतः औषधी आहे. म्हणून धातकीपुष्पाला केवळ "यीस्टचे वाहन" समजून त्याच्या जागी यीस्टची पुडी ठेवणे, हे औषधाचा पाठ बदलण्यासारखेच आहे.

मग किण्व येते कोठून? गूळ, मध, मनुका, भांड्याच्या भिंती, हवा आणि हाताळणारे हात, या सर्वांतून. इटलीतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले की, गांधीलमाशा आपल्या आतड्यात सॅकरोमायसीस सेरेव्हिसी हे किण्व हिवाळाभर सांभाळतात आणि पुढील पिढीच्या अळ्यांनाही देतात. रानातील फुलाफळांवर ते कसे पोहोचते, याचा एक दुवा त्यातून मिळाला. द्राक्षरसाच्या किण्वनात आरंभी इतर रानटी जाती काम करतात. मद्यार्क वाढू लागला की त्या मागे पडतात व मद्यार्क सहन करणारे सॅकरोमायसीस पुढे येते. आपल्या भरणीतही अशीच पाळी लागत असावी, असे मानण्यास जागा आहे.

भरणी बिघडते ती कशामुळे

ज्या अरिष्टाचे प्रमाण ग्रंथात दिलेले नाही, तेथे शार्ङ्गधरांनी एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, त्याच्या निम्मे मध आणि गुळाच्या दशांश प्रक्षेप सांगितला आहे. पल ४८ ग्रॅमचे धरल्यास गूळ ४.८ किलो, मध २.४ किलो आणि प्रक्षेप ४८० ग्रॅम होतो. द्रवद्वैगुण्य परिभाषा लावल्यास द्रव सुमारे २४.५ लिटर. म्हणजे २४.५ लिटर द्रवात ७.२ किलो मधुर द्रव्य! एवढ्या गोड द्रवात पुष्कळसे जंतू तग धरीत नाहीत. किण्वालाही आरंभी जड जाते. द्वैगुण्य न लावता हेच द्रव्य १२ लिटरांत घातले तर किण्वच दबून जाते व संधान रेंगाळते. परिभाषेचा हा प्रश्न केवळ वादसभेचा नाही. भरणीचे भवितव्य त्यावर अवलंबून असते.

१०० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून सिद्धांततः ५१ ग्रॅम मद्यार्क व ४९ ग्रॅम कर्बद्विप्राणील वायू निर्माण होतो. प्रत्यक्षात सर्व साखर कधीच खर्ची पडत नाही. म्हणूनच आपल्या अरिष्टात मद्यार्क सामान्यतः ५ ते १० टक्क्यांच्या आसपास राहतो आणि गोडीही टिकते.

तापमान ही दुसरी बाब. किण्वाला साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअस मानवते. ४० च्या पुढे ते मंदावते व मरू लागते. वैशाखात आमच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये भरणी ठेवणे म्हणजे किण्वाला भट्टीत ठेवणे होय. धान्यराशीत अथवा जमिनीत पात्र पुरण्याचा शास्त्रादेश येथे अर्थपूर्ण ठरतो, कारण त्यामुळे दिवसरात्रीच्या तापमानातील चढउतार पात्रापर्यंत पोहोचत नाहीत.

तिसरी बाब हवेची. मद्यार्क तयार झाल्यावर हवा लागत राहिली, तर ॲसिटोबॅक्टर वर्गातील जंतू त्याचे शिरक्यात रूपांतर करतात. हेच आपले शुक्त. आमची भरणी अशीच गेली. धायफूल बाजारातून घेतलेले होते. रंग विटलेला, हातात घेताच चुरा होणारा. संधान सुरू होण्यासच आठ-दहा दिवस लागले. ते सुरू झाले का, हे पाहण्यासाठी आम्ही झाकण वारंवार उघडत राहिलो. फुलाचा दोष होताच, पण अधीरतेचा दोष आमचा होता. पुढे धायटी गोळा करणाऱ्या एका कातकरी आजींना ते फूल दाखविले. त्यांनी ते नाकाशी धरले, खाली टाकले आणि एवढेच म्हणाल्या, "पाऊस लागलेलं हाय." प्रयोगशाळेच्या अहवालाने याहून अधिक काय सांगितले असते!

रानकिण्वाचे आरोग्यावरील परिणाम

हितकर बाजू प्रथम पाहू. रानकिण्वातूनच एक सर्वमान्य औषध निघाले. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी इंडोचायनात लिची व मँगोस्टीन या फळांवरून एक किण्व वेगळे केले. तेच सॅकरोमायसीस बुलार्डी. प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या अतिसारात ते आज आपल्याकडेही सर्रास दिले जाते. लोकांनी फळांच्या सालीचा काढा अतिसारावर घेतल्याचे पाहून त्यांना ही दिशा मिळाली, असे सांगतात.

आता अहितकर बाजू. निरोगी मनुष्यास खाद्य किण्वापासून सहसा अपाय होत नाही. परंतु ज्याचे व्याधिक्षमत्व खालावले आहे, जो अतिदक्षता विभागात आहे, ज्याच्या मोठ्या शिरेत नळी बसविली आहे, अशा रुग्णात हेच बुलार्डी रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे नोंदविली गेली आहेत. क्वचित काही व्यक्तींच्या आतड्यातच किण्वाची अतिवाढ होऊन, मद्य न घेताही रक्तात मद्यार्क आढळतो.

सर्वच रानकिण्वे सौम्य नसतात, हेही ध्यानात घ्यावे. कँडिडा ऑरिस हे किण्व २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिले गेले. त्यानंतर भारतासह अनेक देशांतील रुग्णालयांत त्याने औषधांना न जुमानणारे संसर्ग घडविले. २०२१ मध्ये दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी अंदमानच्या समुद्रकिनाऱ्यावर व खाऱ्या दलदलीत ते आढळल्याचे प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या घातक बुरशींच्या सूचीत त्याला सर्वोच्च गटात स्थान मिळाले. "नैसर्गिक" म्हणजे "निर्दोष" नव्हे, हे विषवर्गातील द्रव्ये हाताळणाऱ्या वैद्याला वेगळे सांगावयास नको.

धायफुलासंबंधी व्यवहारातील खरा धोका मात्र किण्वाचा नसून बुरशीचा आहे. दमट फुलांवर ॲस्परजिलस वाढल्यास अफ्लाटॉक्सिन निर्माण होऊ शकते. हे यकृतास घातक विष उकळल्याने पूर्णतः नाहीसे होत नाही आणि संधानानेही नष्ट होईल, असा भरवसा धरता येत नाही.

मद्यार्काचा हिशेबही प्रत्येक चिकित्सकास तोंडपाठ हवा. ८ टक्के मद्यार्काच्या अरिष्टाची २५ मिलिलिटर मात्रा म्हणजे २ मिलिलिटर, अर्थात सुमारे १.६ ग्रॅम मद्यार्क. सामान्य रुग्णात ही मात्रा अल्प आहे. परंतु मद्यपान सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणारा, यकृतविकाराने ग्रस्त, गर्भिणी व लहान बालक यांच्या बाबतीत "अल्प" हा शब्द पुरेसा नाही. मेट्रोनिडाझोल चालू असलेल्या रुग्णासही मद्यार्क वर्ज्य करण्याची सूचना असते. मधुमेहीस तर मद्यार्कापेक्षा उरलेली साखर अधिक जाचते. अशा ठिकाणी क्वाथ, चूर्ण अथवा वटी हा पर्याय आपल्या शास्त्रात आहेच.

जनुकसंस्कारित किण्व : औषध म्हणून ते कधीच घरात आले आहे

जनुकसंस्कारित किण्वाचे नाव काढताच रुग्ण दचकतात. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील बालकांनी त्याचे उत्पादन घेतलेले आहे. कावीळ ब ची किण्वापासून बनविलेली लस अमेरिकेत १९८६ मध्ये मान्य झाली. मानवासाठीची ती पहिली जनुकसंस्कारित लस. तोपर्यंत ही लस बाधित व्यक्तींच्या रक्तद्रवापासून करावी लागे. विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनाचे जनुक किण्वात बसविले, की किण्व ते प्रथिन बनविते. विषाणूशी संबंधच येत नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पिकिया या किण्वापासून ही लस भारतात आणली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही हॅन्सेन्युला या किण्वापासून ती बनविली.

इन्सुलिनचेही तसेच. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. वोक्हार्टने २००३ मध्ये हॅन्सेन्युलापासून बनविलेले मानवी इन्सुलिन भारतीय बाजारात आणले; बायोकॉनने २००४ मध्ये पिकियापासून. शाकाहारी रुग्ण आजही चाचरत विचारतात, "वैद्यराज, हे इन्सुलिन प्राण्याचे तर नाही ना?" मानवी इन्सुलिन हे किण्वात अथवा जिवाणूत तयार होते, हे त्यास सांगता आले पाहिजे. या औषधांत जिवंत किण्व नसते; त्याने बनविलेले प्रथिन शुद्ध करून दिलेले असते. लसीत किण्वाच्या प्रथिनाचा सूक्ष्म अंश राहू शकतो, म्हणून यीस्टची तीव्र ॲलर्जी असलेल्यास कावीळ ब ची लस देण्यापूर्वी विचार करावा लागतो.

वनौषधीची जागा किण्वाने घेतली तर?

आपल्या दृष्टीने सर्वांत विचार करण्यासारखी घटना याच्या पुढची आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे आर्टेमिसिया ॲनुआ या चिनी वनस्पतीतून मिळते. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग यांच्या गटाने त्याचे पूर्वद्रव्य किण्वात बनवून दाखविले. २०१३ मध्ये सानोफी कंपनीने इटलीत त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टिना स्मोल्के यांच्या गटाने अफूवर्गातील द्रव्ये किण्वात बनविली, तर २०२० मध्ये धत्तूर व पारसिक यवानीच्या वर्गातील हायोसायमिन व स्कोपोलामिन. २०२२ मध्ये सदाफुलीतील कर्करोगविरोधी व्हिनब्लास्टिनची दोन पूर्वद्रव्येही किण्वातून मिळाली. या यादीत आपला निम्मा निघंटू उद्या येऊ शकेल.

यात लाभ आहे : दुर्मीळ वनस्पतींवरील ओरबाड थांबेल, औषधाचे प्रमाण स्थिर राहील. हानीही आहे. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या वनधन केंद्रातील कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठमोठ्या आयुर्वेदीय कंपन्यांना पुरविली, ही गोष्ट २०२० च्या सुमारास देशभर गाजली. उद्या गुळवेलीतील एखादे "कार्यकारी तत्त्व" टाकीत तयार होऊ लागले, तर या रानातील हातांना काम कोण देणार? आणि ते एक तत्त्व म्हणजे गुडूची नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आपल्यावरच येईल. केवळ श्रद्धेने ते सिद्ध होणार नाही. नोंदी, परीक्षणे व रुग्णांचे निरीक्षण लागेल.

जिवंत जनुकसंस्कारित किण्व औषध म्हणून पोटात देण्याचे प्रयोग अद्याप मुख्यतः प्राण्यांवरच आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आतड्याचा दाह ओळखून त्या प्रमाणात उपकारक विकर सोडणारे किण्व उंदरांत उपयुक्त ठरले. येथे प्रश्न निराळे आहेत : ते आतड्यात किती काळ राहील, मलावाटे बाहेर पडून निसर्गात गेल्यास काय करील? यासाठीच भारतात पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली १९८९ चे नियम आहेत. जनुकसंस्कारित सूक्ष्मजीव बनविणे, साठविणे वा वापरणे यास त्यानुसार पूर्वमान्यता लागते. कोणत्याही औषधशाळेने कुतूहलापोटीही हा मार्ग धरू नये.

कायद्याची चौकट

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार ग्रंथोक्त आयुर्वेदीय औषध हे पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांच्या पाठानुसारच बनविलेले असले पाहिजे. पाठात नसलेले यीस्ट बाहेरून घालून तेच नाव लेबलवर छापणे, हा म्हणूनच केवळ सोयीचा प्रश्न उरत नाही. मद्यार्काबाबतही आपल्या राज्याचा इतिहास बोलका आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये मद्यार्कयुक्त औषधेही सापडली होती. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधन द्रव्यांपुरती ती तरतूद अवैध ठरविली. आपल्या आसवारिष्टांना मिळालेली ही मोकळीक औषध म्हणून आहे. दुकानातून एकाच गिऱ्हाईकास बाटल्यांमागून बाटल्या देणारा औषधविक्रेता ती मोकळीक सर्वांसाठी धोक्यात आणतो.

औषधशाळेसाठी काही सूचना

१) धायफूल चालू हंगामाचे, पाऊस लागण्यापूर्वी तोडलेले, सावलीत सुकविलेले घ्यावे. कुबट वास, पांढरट वा काळपट डाग असल्यास परत करावे. गोळा करणाऱ्याकडून थेट घेता आल्यास उत्तम; त्यास चांगल्या मालाचा चांगला भाव द्यावा.

२) मोठी भरणी लावण्यापूर्वी त्याच क्वाथाचा, गुळाचा व फुलाचा लहान बाटलीत प्रयोग करावा. दोन दिवसांत बुडबुडे न दिसल्यास कारण शोधावे. दुसऱ्या बाटलीत फुले उकळून घातल्यास किण्व फुलातून येते की गुळातून, हेही कळेल.

३) क्वाथ कोमट होऊन पूर्ण निवल्यावरच मध व धायफूल घालावे. गरम क्वाथात किण्व व विकर दोन्ही नष्ट होतात.

४) पात्रास धूपन व घृतलेपन टाळू नये. आरंभी वायू निघून जाण्यास वाट ठेवावी. ध्वनी थांबून, जळती काडी न विझता आणि प्रक्षेप तळाशी बसू लागल्यावर घट्ट संधिबंधन करावे.

५) उत्तम उतरलेल्या भरणीचा गाळ पुढील त्याच कल्पासाठी बीज म्हणून राखता येतो. हीच ग्रंथातील किण्वाची परंपरा. आंबट भरणीचा गाळ मात्र चुकूनही वापरू नये. ते पात्रही उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात तापवावे.

६) प्रत्येक भरणीची तारीख, फुलाचा स्रोत, रोजचे तापमान, संधान सुरू होण्याचा व थांबण्याचा दिवस वहीत लिहावा. मद्यार्काचे प्रमाण तपासून लेबलवर द्यावे.

उपसंहार

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे येतो. बेकरीचे यीस्ट घातल्याने रुग्णास विषबाधा होणार नाही; परंतु ते घालून धायफुलाला फाटा दिला, तर हातात येईल ते मद्यार्कयुक्त गोड पाणी असेल, ग्रंथोक्त अरिष्ट नव्हे. जनुकसंस्कारित किण्वाने दिलेली लस व इन्सुलिन यांविषयी रुग्णाच्या मनात वैद्याने भीती निर्माण करू नये. त्यांनी असंख्य जीव वाचविले आहेत. पण ते किण्व त्याच्या जागी, कडेकोट कारखान्यात असावे. आपल्या भरणीत रानाचेच किण्व असावे, आणि त्याला जपण्याची शिस्त आपली असावी.

यंदा माघात त्या आजींनीच आणून दिलेल्या धायफुलांची भरणी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी पात्राला कान लावला, तेव्हा आत बारीक सळसळ सुरू झाली होती. झाकण मात्र आम्ही उघडले नाही.